चार बोटांची फट

जानेवारीतलं झुरिच. बाहेर उणे चार, रस्त्याच्या कडेला मळका बर्फ, आणि आईच्या अंगावर माझे दोन स्वेटर, त्यावर कोट. मासोआला हॉलचं पहिलं दार उघडलं, ते मागे लागेपर्यंत मधल्या जागेत थांबलो, मग दुसरं उघडलं. आईचा चष्मा क्षणात पांढरा झाला. ती जागच्या जागी उभी राहिली. चष्मा काढला नाही, पुसलाही नाही. नुसता वास घेतला आणि म्हणाली, "अगो, हा तर आपला जून."

खरंच जून होता. भिजलेली माती, कुजकी पानं, कुठेतरी सतत टपटपणारं पाणी. राजापूरकडे आमच्या घरामागे व्हाळ आहे, तिथे पहिल्या पावसानंतर असाच वास येतो. तो वास आणि माझ्या हातातला आईचा बर्फासारखा गार हात, दोन्ही एकाच वेळी. मला काही क्षण बोलता आलं नाही.

झुरिचच्या प्राणिसंग्रहालयातला हा हॉल 2003 च्या जूनमध्ये उघडला. 11,000 चौरस मीटर जागा, जिथे सगळ्यात उंच तिथे 30 मीटरवर छत. छत काचेचं नाही, हवा भरलेल्या पारदर्शक फॉइलच्या उशांचं आहे. मादागास्करच्या ईशान्येला मासोआला नावाचं द्वीपकल्प समुद्रात शिरलंय, तिथलं पावसाळी जंगल या छताखाली वाढवलंय. त्यात तांबडे लेमूर आहेत, म्हणजे माकडांचे दूरचे भाऊबंद, ज्यांना इंग्रजीत रेड रफ्ड म्हणतात आणि जे रानात फक्त मासोआलाच्याच भागात सापडतात. रॉड्रिग्स बेटावरची मोठी वटवाघळं आहेत, घोयरे सरडे आहेत, पक्षी आहेत. त्यांच्या आणि आपल्या मध्ये गज नाहीत, काच नाही. पायवाट आहे आणि दोन्ही बाजूंना रान आहे.

"पण जनावरं कुठायत?" आईने विचारलं. वीस मिनिटं झाली होती आणि तिला एक पक्षी पळताना दिसला होता, तोही पाठमोरा.

हा प्रश्न मी रोज ऐकते. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे आणि गेली अकरा वर्षं प्राणिसंग्रहालयांतल्या जागा आखते. नकाशा टेबलावर पसरला की समोरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, प्राणी दिसणार ना? तिकीट काढून, पोराबाळांना घेऊन आलेल्या माणसाला प्राणी दिसला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण जिथे प्राणी कुठूनही, केव्हाही दिसतो, तिथे त्याला लपायला जागा ठेवलेली नसते. आणि एकाच जागेत तीन-चार जातींचे प्राणी ठेवायचे असतील, तर लपायची जागा हीच सगळ्यात आधी काढायची गोष्ट असते. झाडं, पाणी, पायवाट, सगळं नंतर.

तेवढ्यात वरून आवाज फुटला. तांबड्या लेमुरांचा कळप एकदम ओरडतो तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी भयंकर घडलंय. एकाने सुरुवात केली की दुसरा, तिसरा, मग सगळं छत घुमतं. आईने माझा दंड घट्ट धरला. आम्ही माना वर करून शोधत राहिलो, आणि मग दिसला. मागच्या दोन्ही पायांनी फांदीला उलटा लटकलेला, लालभडक अंग, काळं तोंड, काळी लोंबती शेपटी, आणि पुढच्या हातात कसलंसं फळ. आई पुटपुटली, "उलटा होऊन जेवतोय गो." पुढची दहा मिनिटं ती हलली नाही.

या कामात मला जे कळलंय, ते एका चुकीतून कळलंय. ती चूक माझ्या हातची होती.

कुठल्या प्राणिसंग्रहालयातली, ते सांगत नाही. युरोपातलं एक छोटं, चांगलं प्राणिसंग्रहालय. काळ्या-पांढऱ्या रफ्ड लेमुरांचा एक गट आणि क्राउन्ड लेमुरांचं एक कुटुंब, यांना एकाच जागेत ठेवायचं होतं. रफ्ड साडेतीन किलोंच्या घरातला, क्राउन्ड किलोभरापेक्षा थोडा जास्त. क्राउन्ड मादागास्करच्या उत्तर टोकाचा, डोक्यावर नारिंगी पट्टा, मुकुट घातल्यासारखा. मी जागा आखली. उंच खांब, दोरांचे पूल, फळ्यांचे ओटे, मधोमध एक जुनं ओकचं झाड. त्या झाडाच्या पलीकडे एक ओटा होता, मला फार आवडलेला. तिथून खाली तळं दिसायचं, आणि पाहुण्यांना खालून त्यावर बसलेला लेमूर आकाशावर रेखल्यासारखा दिसला असता. त्या ओट्यावर जायला एकच दोर होता. दुसरा दोर चित्राच्या मध्ये आला असता म्हणून मी तो खोडला. पेन्सिलची ती रेघ मला अजून आठवते, कारण ती मी रबराने नीट पुसलीसुद्धा नव्हती.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एप्रिलअखेरीला रफ्ड मादी व्याली. रफ्ड लेमुरांची गंमत अशी की बहुतेक माकडवर्गातल्या आयांसारखी ही पिल्लं अंगावर घेऊन हिंडत नाही. घरटं करते, दोन-तीन पिल्लं त्यात ठेवते, आणि गरज पडली की मांजरीसारखी तोंडात धरून दुसरीकडे नेते. आम्ही तिच्यासाठी आत लाकडी पेट्या केल्या होत्या, गवत घातलं होतं. तिने चौथ्या दिवशी पिल्लं उचलली आणि ओकच्या बेचक्यात नेऊन ठेवली. बरोबर त्या दोराच्या तोंडाशी. क्राउन्ड नर त्या वेळी पलीकडच्या ओट्यावर ऊन खात बसला होता.

लेमुरांत बहुतेक जातींत मादीच वरचढ असते. तिने त्याला पाहिलं आणि ती दोरावरून त्याच्याकडे निघाली. त्याला परतायला तोच एक दोर होता. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कीपर धावल्या, खालून भांडी वाजवली, पण तोवर व्हायचं ते झालं. हाताला चावा बसला आणि त्याने सहा मीटरवरून तळ्यात उडी घेतली. लेमूर सहसा पाण्यात जात नाहीत, म्हणून तर आपण त्यांच्या जागेभोवती पाण्याचे खंदक ठेवतो. तो पाण्यात गेला, याचा अर्थ काय ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. जीव वाचला. डाव्या हाताचं एक बोट काढावं लागलं.

मी दुसऱ्या दिवशी तिथे पोचले. तिथल्या सगळ्यात जुन्या कीपरबाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, मला घेऊन त्या ओकखाली उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. वर बघत एवढंच म्हणाल्या, "इथून बाहेर पडायला वाट नाही." पुण्यात शिकताना मी पेठेत राहायचे. तिथे वाटतं रस्ता आहे, सायकल घालावी तर पुढे भिंत, असे बंद बोळ कितीतरी. असाच एक बोळ मी सहा मीटर उंचीवर बांधला होता. तिथून दृश्य सुंदर दिसावं म्हणून.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत झोप येईना. आणि डोळ्यांसमोर काय आलं, तर आजीचं डालगं.

आमच्याकडे तेव्हा दोन म्हशी, एक कुत्रा, मोजता न येणाऱ्या मांजरी आणि कोंबड्या होत्या, सगळ्यांचं अंगण एकच. आजीने कधी कुणाला शिकवलं नाही की भांडू नका. तिने फक्त जागा आणि वेळ वेगळी केली होती. मांजरांचं दूध पडवीच्या उंच कठड्यावर, जिथे कुत्रा पोचत नाही. कुत्र्याची भाकरी मागल्या दारी, आणि ती मांजरांचं दूध ओतल्यावर, आधी नाही. पिल्लांच्या कण्यांसाठी मात्र वेगळी युक्ती होती. मोठ्या कोंबड्या पिल्लांना टोचून कण्या खाऊन टाकायच्या. मग आजी बांबूचं डालगं उपडं घालायची, त्याच्या कडेखाली तीन ठिकाणी दगड सरकवायची. जमीन आणि डालगं यांच्यात चार बोटांची फट. पिल्लं सुळकन आत. कोंबडी बाहेर, डालग्याभोवती फेऱ्या मारत. कण्यांची ताटली अगदी मधोमध, म्हणजे कोंबडीने मान घातली तरी पोचू नये. आणि फटी तीन बाजूंनी, म्हणजे एका बाजूला कोंबडी टपून बसली तर पिल्लाने दुसरीकडून निघावं.

मी शाळेत असताना ते हजारदा पाहिलं होतं. शिकले मात्र त्या हॉटेलच्या खोलीत.

तेव्हापासून मी कुठलाही नकाशा आखताना आधी फक्त वाटा काढते. प्रत्येक ओट्यावर, प्रत्येक फांदीवर, प्रत्येक पेटीत यायला एक आणि निघायला दुसरी. एकाच वाटेचा कोपरा दिसला की तो बाद, मग तो कितीही सुंदर असो. दारं ठेवली तर लहान प्राणी मावेल आणि मोठा मावणार नाही अशी. आणि खाण्याच्या जागा प्राण्यांच्या गटांपेक्षा जास्तच, एकमेकींच्या नजरेआड.

खाण्याचं प्रकरण तर वेगळंच. एका अंगणात जेवताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या ताटातलं खातोच, आणि लेमुरांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. त्यांच्या शरीरात, विशेषतः यकृतात, लोह साठत जातं. रानातल्या त्यांच्या खाण्यात तुरट पानं, साली, शेंगा असतात आणि त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. आपण इथे त्यांना गोड फळं देतो, त्यात लिंबूवर्गातली असली तर क जीवनसत्त्वामुळे लोह आणखी शोषलं जातं, आणि वर शेजारच्या पक्ष्यांचं तयार खाद्य त्यांनी चोरून खाल्लं की भरच पडते. म्हणून पक्ष्यांचं खाणं कुठे ठेवायचं हा माझ्या लेखी सजावटीचा नाही, यकृताचा प्रश्न आहे. पक्ष्यांच्या घरट्यांचंही तसंच. लेमूर शाकाहारी, गरीब, असा पुष्कळांचा समज असतो. समोर अंडं आलं तर त्यांतले कित्येक ते सोडत नाहीत.

किरणांच्या नक्षीची कासवं, ज्यांना रेडिएटेड म्हणतात, आणि रिंगटेल लेमूर, ही जोडी लोकांना फार आवडते. दोघंही दक्षिण मादागास्करच्या कोरड्या, काटेरी भागातले, तेव्हा जोडी खोटी नाही. पण थंडीत कासवासाठी लावलेल्या उष्ण दिव्याखाली कोण बसतं? रिंगटेल. सकाळी मांड्या पसरून, हात गुडघ्यांवर टाकून, पोट उन्हाकडे करून बसायची त्यांची सवय, त्यांना तो दिवा सूर्यच वाटतो. कधी कधी कासवाच्या पाठीवर बसूनच ऊब घेतात. कासव खाली गारठतं. हाकलून उपयोग नाही. आधी लेमुरांना वरती, कासवाच्या दिव्यापेक्षा चांगली ऊब द्यायची. मग ते आपण होऊन खालचा दिवा सोडतात.

एकमेकांत ठेवूच नयेत अशाही जोड्या आहेत. तांबडा रफ्ड आणि काळा-पांढरा रफ्ड एकत्र आले तर संकरित पिल्लं होतात. तपकिरी लेमुरांच्या भाऊबंदांतही तेच. आणि फोसा, लेमुरांची शिकार करणारा तो लांबुडका प्राणी, त्याला लेमुरांच्या शेजारी काचेआड ठेवायचा आग्रह मला दोनदा झाला, लोकांना दोन्ही एका नजरेत दिसावेत म्हणून. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. काच नजर अडवत नाही, आणि वाऱ्याबरोबर येणारा वास तर नाहीच नाही. शत्रूच्या वासात चोवीस तास राहायला लावणं हे माझ्या हातून व्हायचं नाही.

उत्तरेकडच्या थंडीचा आणखी एक पेच आहे, तो नकाशावर दिसत नाही. लेमुरांचं माजावर येणं दिवसाच्या लांबीवर चालतं. विषुववृत्त ओलांडून इकडे आणले की त्यांचं वर्ष सहा महिन्यांनी उलटतं. तिकडे एप्रिल-मे महिन्यांत होणारी रिंगटेलांची भांडणं इकडे शरदात, हिवाळ्याच्या तोंडावर होतात. म्हणजे ज्या आठवड्यांत नर एकमेकांवर शेपट्यांचा वास उडवत असतात आणि माद्या कुणाला जवळ फिरकू देत नाहीत, त्याच आठवड्यांत बाहेरची दारं बंद व्हायला लागतात आणि सगळे आतल्या घरात कोंडले जातात. उन्हाळ्यात काढलेले, हिरवळीवर सगळे गुण्यागोविंदाने बसलेत असे फोटो मला लोक दाखवतात. मी विचारते, नोव्हेंबरचा दाखवा.

मादागास्करला मी गेलेले नाही. पण तिथलं एक ठिकाण मला वाचून वाचून पाठ झालंय. दक्षिणेला मांद्रारे नदीच्या काठी बेरेंती नावाचं राखीव रान आहे. अ‍ॅलिसन जॉली या अभ्यासक 1963 पासून तिथे रिंगटेलांच्या मागे हिंडत होत्या. त्या रानातली मोठी झाडं कसली, तर चिंचेची. आपली चिंच. रिंगटेल तिथे चिंचा खाऊन जगतात, पाडाच्या, पिकलेल्या, वाळलेल्या, सगळ्या. आणि त्याच रानात पांढरे सिफाका लेमूर असतात, ते मुख्यतः पानं खाऊन राहणारे. रिंगटेल बराच वेळ जमिनीवर, सिफाका बहुतेक वर. एकाच झाडाखाली दोघांचे दिवस निघतात. मग 1975 च्या सुमारास माणसांनी तिथे बाहेरचे तपकिरी लेमूर आणले, ते सुटले, आपसांत मिसळले, वाढले, आणि रिंगटेलांच्या चिंचांत वाटेकरी झाले. माणसाने हाताने केलेली मिसळण रानातही सोपी जात नाही, तर माझ्या खांब-दोरांत कशी जाईल? बेरेंतीचं मला हे फार मोलाचं वाटतं.

माझी मावसबहीण अमेरिकेत केरीला राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा जवळच डरहॅमला ड्यूक लेमूर सेंटर पाहिलं. 1966 पासूनची संस्था. तिथे ऊब असते त्या दिवसांत वेगवेगळ्या जातींचे लेमूर कुंपणातल्या खऱ्याखुऱ्या पाइनच्या रानात मोकळे असतात. मला तिथे मनापासून आवडली ती एक साधी गोष्ट. सिफाकांचं पोट फार नाजूक, त्यांना ताजी पानं लागतात. म्हणून उन्हाळ्यात सुमाक नावाच्या झुडपाची पानं तोडून, गोठवून, हिवाळ्यासाठी साठवतात. बहीण म्हणाली, "म्हणजे आपल्या वर्षाच्या वाळवणासारखंच की." मला तिला मिठी माराविशी वाटली.

आणि इंद्री? सगळ्यात मोठा लेमूर, ज्याचं गाणं किलोमीटरभर ऐकू जातं. तो आजवर कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नीट जगवता आलेला नाही. कितीही दोर, कितीही दारं आखली तरी त्याला हवं ते रान आपल्याला करता येत नाही. मी टेबलावर बसले की हे आठवणीत ठेवते. 2020 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लेमुरांच्या 107 जातींपैकी 103 धोक्यात असल्याचं जाहीर केलं, त्यांतल्या 33 अतिधोक्यात. एवढ्या आकड्यासमोर माझा नकाशा काय करणार, असं मनात येतं. मासोआला राष्ट्रीय उद्यान 1997 मध्ये झालं आणि 2009 च्या राजकीय गोंधळात तिथे रोझवूडची बेकायदा तोड झाली. झुरिचचं प्राणिसंग्रहालय त्या उद्यानाला नियमित पैसे पाठवतं. हॉलमध्ये फिरून गेलेल्या लोकांनी टाकलेले पैसेही तिकडे जातात. त्यात माझ्या आईने त्या दिवशी टाकलेली दहा फ्रँकची नोट आहे. तिने आधी मला विचारलं, दहा म्हणजे किती रुपये, आणि ऐकूनही टाकली.

ट्रॅममध्ये तिला मी सांगितलं की आपल्या तुळशीशेजारची सदाफुली मूळची मादागास्करचीच. पुस्तकात ठेवायचो ती पानफुटीही. साताऱ्याला ज्याचा दिवस साजरा करतात तो गुलमोहरही. आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी आपली जमीन आणि ती जमीन एकमेकींना चिकटलेल्या होत्या. आई खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "आणि त्या बोट गेलेल्याचं काय झालं?" मी तिला त्याबद्दल वर्षभरापूर्वी फोनवर सांगितलं होतं. तिच्या लक्षात होतं.

मी मोबाइल काढला. त्या जागेत आता ओकच्या पलीकडच्या ओट्याला तीन दोर आहेत. आकाशावर रेखलेलं दिसत नाही, दोरांचं जाळं दिसतं. शेजारी लाकडी खोपा आहे, तीन भोकांचा. भोकांचं माप ठरवायला कीपरबाईंनी प्लायवुडच्या फळ्यांत लहान-मोठी भोकं कापून महिनाभर रोज पाहिलं, कोण जातं, कोण अडकतं. दोन्ही गट चार महिने वेगळे ठेवले होते, मग आधी जाळीतून भेट, मग दिवसातून तासभर, असं करत पुन्हा एकत्र आणले. निवृत्त व्हायच्या आठवड्यात बाईंनी मला एक व्हिडिओ पाठवला, वीस सेकंदांचा. तोच आईला दाखवला.

क्राउन्ड नर दोरावरून येतो, चार बोटांच्या हाताने भोकाची कड धरतो आणि आत शिरतो. मागून रफ्ड मादी येते. डोकं लावून बघते, जात नाही. मग हात घालते, पार खांद्यापर्यंत. आत चाचपडते. हात बाहेर काढते, हुंगते आणि निघून जाते. थोड्या वेळाने नर दुसऱ्या भोकातून बाहेर येतो, तोंडात रताळ्याचा तुकडा.

आईने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा तिने मध्येच बोट ठेवून तो थांबवला, मादीचा हात आत होता तिथे.

"हात बराच आत जातोय गो तिचा," ती म्हणाली. "ताटली अजून थोडी आत सरकवायला सांग त्यांना."